कड्यांवर स्लॅब टाकू का?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. सदाशिव पेठेत आमचा जुना दुमजली वाडा आहे. वरच्या माजघराची जमीन सागवानी कड्यांवर, म्हणजे आडव्या लाकडी तुळयांवर आहे. कड्यांवर फळ्या, फळ्यांवर पांढरी माती आणि वर मागच्या पिढीत बसवलेल्या शहाबादी फरशा. खोली बारा बाय पंधरा फुटांची. मुलं धावली की कपाटातली भांडी वाजतात. कंत्राटदार म्हणतो, "फरशी काढून वर चार इंची स्लॅब टाकू, लाकूड आणि काँक्रीट एकजीव होईल, बघायला नको." धाकटा भाऊ म्हणतो, कड्याच काढून लोखंडी घालू. कोणाचं ऐकावं?
— एक वाचक, पुणे ३०

उत्तर : तूर्त दोघांचंही ऐकू नका. कड्या काढायची घाई नको, कारण तसलं सागवान आज वखारीत मिळायचं नाही. आणि तुमच्या कंत्राटदाराच्या वाक्यात गडबड आहे ती 'एकजीव' या शब्दात. काँक्रीट लाकडावर नुसतं ओतलं तर ते त्याच्यावर बसतं, त्याला धरत नाही.

घरीच करून बघा. सारख्या जाडीच्या दोन फळकुट्या एकावर एक ठेवा, दोन्ही टोकांना विटा द्या आणि मध्ये हाताने दाबा. टोकांकडे नीट पाहा. वरची फळी खालचीवरून किंचित सरकलेली दिसेल. आता त्याच दोन फळ्या डिंकाने पक्क्या चिकटवा, रात्रभर वाळू द्या आणि पुन्हा तेवढंच दाबा. बाक चौथाईवर येतो. लाकूड तेच, वजन तेच, फक्त सरकणं थांबलं. लाकूड-काँक्रीटच्या जमिनीची सगळी विद्या म्हणजे हे सरकणं कशाने आणि किती थांबवायचं एवढीच आहे. वरचं काँक्रीट दाब घेतं, खालचं लाकूड ताण घेतं, आणि खाली कडीत पिळलेला, वर काँक्रीटमध्ये उभा राहिलेला स्क्रू त्या दोघांना एकमेकांवरून घसरू देत नाही.

आधी वजनाचा हिशोब करू, कारण तुमचा कंत्राटदार बहुधा माती न काढताच स्लॅब टाकणार आहे. खोलीचं क्षेत्रफळ साधारण पावणेसतरा चौरस मीटर. सहा इंच माती धरली तर ती चार टनांच्या वर जाते. चार इंची स्लॅबही सव्वाचार टन. म्हणजे माणसं आणि कपाटं यायच्या आधीच साडेआठ टन तुमच्या कड्यांच्या डोक्यावर! माती काढून ६० मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम अडीच इंची स्लॅब टाकला तर तो अडीच टनांचा होतो. जमीन आजच्यापेक्षा हलकी होईल. पातळ स्लॅब म्हटलं की लोकांना कंजूषपणा वाटतो, पण इथे जाडी वाढवून मिळतं कमी आणि जातं जास्त.

आता ताठपणाचं गणित. तुमच्या कड्या मी पाहिलेल्या नाहीत, म्हणून पेठांमध्ये मला नेहमी भेटणारं माप धरते : चार इंच रुंद, सहा इंच उंच, दीड-दीड फुटावर, बारा फूट अंतरासाठी. वर इंचभर फळी आणि ६० मिमीचा एम-२५ स्लॅब (एम-२५ ही काँक्रीटच्या मजबुतीची प्रत). त्यावर फरशी आणि घरगुती वापराचा नेहमीचा भार, म्हणजे चौरस मीटरला २०० किलो. हा सगळा भार एकट्या कडीने घेतला तर ती मध्ये सुमारे साडेपंधरा मिलिमीटर वाकते. स्लॅब नुसता वर पडलेला असेल तर नऊ मिलिमीटर. दर सहा इंचांवर १२ मिमीचा कोच स्क्रू, म्हणजे पान्याने पिळायचा जाड लाकडी स्क्रू असेल तर सव्वातीन मिलिमीटर. हे लगेच दिसणारे आकडे झाले. वर्षानुवर्षांत लाकूड आणि काँक्रीट दोन्ही मुरतात, त्यामुळे पुढे बाक वाढतो आणि तोही धरावा लागतो. पण नऊ आणि सव्वातीन यांतला फरक बघा. तो काँक्रीटने आणलेला नाही, कडीमागच्या चोवीस स्क्रूंनी आणला.

आणि हे स्क्रू काही परिपूर्ण नव्हेत बरं. त्याच गणितात जोड शंभर टक्के घट्ट धरला तर ताठपणा नुसत्या ठेवलेल्या स्लॅबच्या पाचपटीहून जास्त येतो. खरे स्क्रू थोडे लवतात, लाकडात थोडे रुततात, आणि हाती लागते पावणेतीन-पावणेतीनपट. म्हणून ज्यांच्या गणितात 'पूर्ण जोड' धरलेला असेल त्यांना हळूच विचारा, स्क्रू किती सरकतो म्हणून धरलंत? उत्तर आलं नाही तर दुसरा इंजिनीयर शोधा.

सरकण्याचा जोर सगळीकडे सारखा नसतो. कडीच्या मध्यावर तो जवळपास शून्य आणि भिंतीजवळ सर्वांत जास्त. वरच्या उदाहरणात टोकाच्या स्क्रूवर पावणेतीनशे किलोंच्या आसपास जोर येतो आणि तो पाव मिलिमीटरहून किंचित जास्त सरकतो. म्हणून मी टोकाच्या चौथाईत चार-चार इंचांवर स्क्रू देते आणि मधल्या भागात आठ-आठ इंचांवर. कामगारांना हे उलटं वाटतं. त्यांच्या मते खोली मध्ये वाकते, मग स्क्रू मध्ये जास्त नकोत का? प्रत्येक साइटवर हा वाद होतो, आणि मी प्रत्येक वेळी त्या दोन फळकुट्या काढते.

माझ्या हातून झालेली चूकही सांगते. वाईकडच्या एका घरात, तीसेक वर्षांपूर्वी, मी स्क्रूऐवजी जाड खिळे लिहून दिले होते. अर्धे लाकडात, अर्धे वर उभे. जर्मनीत १९२२ साली म्युलर नावाच्या गृहस्थांनी याच कल्पनेचं पेटंट घेतलं होतं, तेव्हा कल्पना काही वाईट नव्हती. कामावर एक वयस्कर सुतार होते. ते मला म्हणाले, "बाई, म्हातारं लाकूड आहे. खिळा मारला की तडकतंय. आधी गिरमिट फिरवू द्या." वेळ जाईल म्हणून मी नको म्हटलं. दोन दिवसांनी जाऊन पाहते तो जवळजवळ प्रत्येक कडीच्या टोकाशी रेषेच्या दिशेने केसाएवढी चीर, एका खिळ्यापासून दुसऱ्यापर्यंत. म्हणजे जिथे जोडाची सर्वांत जास्त गरज, नेमका तिथेच तो मेला. मधले खिळे ठणठणीत होते, जिथे त्यांना काही काम नव्हतं! सगळे उपटले, चिरांच्या बाजूला नव्या जागा आखल्या, आधी भोकं पाडली आणि कोच स्क्रू पिळले. खर्च माझ्या फीमधून गेला. तो सुतार काही बोलला नाही, फक्त रोज सकाळी गिरमिट माझ्या समोर ठेवायचा.

तेव्हापासून माझा नियम असा : आट्यांच्या भागाचं भोक स्क्रूच्या जाडीच्या सत्तर टक्के, म्हणजे १२ मिमीच्या स्क्रूला साडेआठ. बिनआट्यांच्या दांड्याचं भोक पूर्ण जाडीचं. सहा इंची स्क्रू घेतला तर साधारण ८५ मिमी कडीत, २५ फळीत आणि ४० काँक्रीटमध्ये उभा राहतो. स्क्रू हातोडीने आत ठोकायचा नाही, पान्याने पिळायचा. हे वाक्य नकाशावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. जुनं सागवान ड्रिलच्या टोकाची धारही लवकर घालवतं, तेव्हा बिट चार जास्तच आणून ठेवा.

ओतण्याच्या दिवशी दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, फळ्यांवर प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरा आणि स्क्रू त्यातून वर येऊ द्या. नाहीतर कोरडं लाकूड काँक्रीटचं पाणी शोषून घेतं. काँक्रीट कच्चं राहतं आणि फळी फुगते. लाकूड-काँक्रीटची चिकट त्यामुळे जाते, जाऊ द्या, तिच्यावर आपण एक पैसाही लावलेला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे खालून टेकू. ओलं काँक्रीट हे नुसतं ओझं असतं. ते घट्ट होईपर्यंत सगळा भार एकट्या कडीवर पडतो, आणि त्या वेळी आलेला बाक पुढे कायमचा तसाच राहतो. कडीच्या मध्याखाली आडवी बल्ली आणि तिला जॅक द्या. हे टेकू चार आठवडे हलवायचे नाहीत. खालच्या मजल्यावर बिऱ्हाड असेल तर त्यांच्याशी आधी बोलून घ्या. माझ्या अनुभवात हे काम स्क्रूंपेक्षा अवघड आहे.

स्लॅब वाळताना आकसतो. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६, त्यात आकसण्याचं ढोबळ प्रमाण ०.०००३ दिलं आहे. बारा फुटांना ते मिलिमीटरभर होतं. साध्या स्लॅबमध्ये इतक्याकडे कोणी बघत नाही. इथे मात्र खालची कडी आकसत नाही, वरचा स्लॅब तिला स्क्रूंनी धरून आत ओढतो आणि सगळी जमीन किंचित खाली बाकते. म्हणून पाणी कमी घातलेलं काँक्रीट घ्या आणि सात नव्हे, चौदा दिवस ओलं ठेवा.

आणि आता खरी धास्ती. यातलं काहीही करण्याआधी कडीची टोकं बघा. भिंतीत शिरलेला फूटभर भाग वर्षानुवर्षं पावसाची ओल पितो. मी आधी हातोडीने ठोकते. धड लाकूड टणटण वाजतं, कुजलेलं भद्द. मग भिंतीलगत तिरकं सहा मिमीचं भोक पाडते आणि बाहेर आलेला भुसा तळहातावर घेते. सोनेरी कीस आला आणि सागाचा तो किंचित तेलकट वास आला तर जीव भांड्यात पडतो. काळपट, बिनवासाचं पीठ आलं तर ते टोक गेलं. अशा कडीला स्क्रू कितीही लावा, मेलेल्या टोकावर जिवंत जमीन उभी राहत नाही. टोक कापून नवं सागवान जोडावं लागतं, नाहीतर भिंतीलगत आडवा लोखंडी आधार देऊन कडी त्यावर टेकवावी लागते.

भिंतीचा मुद्दा इथेच येतो. १९९३ साली ३० सप्टेंबरच्या किल्लारी भूकंपानंतर मी त्या भागात पाहणीला गेले होते. माळवदावर दोन-दोन फूट माती, खाली लाकडी खण, आणि मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती. कितीतरी ठिकाणी लाकडी खांब उभे होते आणि भिंत बाहेर पडलेली होती. वरचं ओझं आणि भिंत एकमेकांना कुठेच बांधलेली नव्हती. तुमचा स्लॅबही भिंतीला न बांधता नुसता मध्ये तरंगता ठेवलात तर तुम्ही तेच पुन्हा कराल. जुन्या भिंती बळकट करण्याविषयीचं आयएस १३९३५ इंजिनीयरने वाचलेलं असावं. मी स्लॅबच्या कडेने दर दोन फुटांना एक १२ मिमीची सळई भिंतीत नेते. पक्क्या विटांची भिंत असेल तर केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायनाने चिकटवलेली सळई चालते. आत कच्च्या विटा किंवा माती असेल (पेठांत वरच्या मजल्यावर हे सर्रास सापडतं) तर अँकर लोण्यात सुई घातल्यासारखा निघून येतो. तिथे सळई आरपार काढून बाहेरून लोखंडी पाटी आणि नट द्यायचा. दर्शनी भिंतीवर ती पाटी दिसेल. दिसू दे.

भांडी वाजण्याबद्दल सांगायचं तर ती वाजायची थांबतील. निदान मुलं तेरा-चौदा वर्षांची होईपर्यंत.

प्रश्न : मी सुतारकाम करतो. स्क्रूच्या ऐवजी कडीला वरून खाच पाडून त्यात काँक्रीट भरलं तर जास्त घट्ट बसणार नाही का? आणि इपॉक्सीने सरळ चिकटवलं तर?
— एक वाचक, सांगली

उत्तर : खाच जास्त ताठ असते, तुमचा अंदाज बरोबर आहे. स्क्रूमध्ये लोखंड लवतं आणि लाकडाला रुततं. खाचेत काँक्रीटचा अख्खा दात लाकडाच्या उभ्या तोंडावर रेटतो, त्यामुळे सरकायला जागाच कमी. युरोपात नव्या इमारतींत खाच आणि तिच्या मधोमध एक उभा स्क्रू अशी जोडी पसंत करतात. स्क्रू असतो तो स्लॅब वर उचलला जाऊ नये म्हणून.

पण खाच मोडते कशी ते लक्षात घ्या. दात पुढे रेटतो आणि खाचेपुढचं लाकूड रेषेच्या दिशेने चीप निघावी तसं एका झटक्यात सुटतं. आधी करकरत वगैरे नाही. म्हणून खाचेपुढे भरपूर लाकूड राहिलं पाहिजे. एक इंच खोल खाच असेल तर मी पुढे फूटभर कोरी जागा सोडते. सहा इंची जुन्या कडीत इंचभर खाच म्हणजे एक षष्ठांश उंची गेली, त्यात जुनी खिळ्यांची भोकं, गाठी, कुठे जुन्या सांध्याची खोबण. तिथे मी पटाशी लावू देत नाही. नव्या, उंच, चिकटवून बनवलेल्या तुळईत खुशाल पाडा. खाचेची तोंडं काटकोनात आणि साफ हवीत. पटाशीवर रंध्याइतका सफाईचा हात असलेला माणूसच या कामाला लावा. काँक्रीट भरण्याआधी आतलं लाकूड सीलरने बंद करा, नाहीतर ते ओलं होऊन फुगतं, मग वाळून आकसतं आणि दाताभोवती फट पडते. जोड घट्ट करायला गेलात आणि पहिला मिलिमीटर फुकट घालवलात, असं होतं.

इपॉक्सी कागदावर सर्वांत ताठ. पण लाकूड कोरडं, तोंड रंधलेलं, धुळीचा कण नाही, तापमान ताब्यात, हे कारखान्यात जमतं. जुलै महिन्यात सांगलीत, वरून ताडपत्री टपकत असताना, नाही जमत. आणि चिकट सुटली की सुटली, स्क्रूसारखी आधी वाकून सांगत नाही.

प्रश्न : ताई, मी आर्किटेक्चर शिकायला व्हँकुव्हरला आले आहे. आमच्या विद्यापीठात लाकडी इमारतींचं खूप कौतुक असतं, पण वर बघावं तर प्रत्येक ठिकाणी लाकडावर काँक्रीट आहेच. मग हे सगळे लाकूड-काँक्रीटचे जोडमजले समजायचे का?
— एक वाचक

उत्तर : नाही, आणि तुझ्याच आवारात दोन्ही प्रकार आहेत. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाची २०१२ सालची अर्थ सायन्सेस इमारत घे. तिथे लाकडी पाट्यांत उभी जाळीदार लोखंडी पट्टी अर्धी चिकटवून बसवली आहे आणि वरचा अर्धा भाग काँक्रीटमध्ये गाडला आहे. ती पट्टी सरकणं अडवते, म्हणून लाकूड आणि काँक्रीट मिळून एकच तुळई होतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्टच्या डिझाइन बिल्डिंगमध्येही, २०१७ साली, अशाच पट्ट्या वापरल्या. तिथल्या प्राध्यापक पेगी क्लॉस्टन यांनी या जोडावर बरंच काम केलं आहे, तेवढं जरूर वाच.

आता तुमचं अठरा मजली वसतिगृह, ब्रॉक कॉमन्स. तेही २०१७ चं. तिथे आडव्या-उभ्या थरांच्या लाकडी पाट्या थेट खांबांवर टेकल्या आहेत आणि वर काँक्रीटचा पातळ थर आहे. तो आवाज आणि हादरे दबावेत म्हणून. भार उचलण्यात त्याचा वाटा धरलेला नाही. आणि नॉर्वेतल्या ८५.४ मीटर उंच म्योस्तोर्नेत इमारतीत वरच्या मजल्यांना काँक्रीटचे स्लॅब घातलेत ते निव्वळ वजनासाठी. लाकडी इमारत हलकी, वाऱ्याने वर डुलते, म्हणून डोक्यावर ओझं ठेवलं. आपल्याकडे पत्र्यांवर दगड ठेवतात तशातलाच प्रकार, जरा महाग.

तेव्हा लाकडावर काँक्रीट दिसलं की आधी एकच विचार : मध्ये काय आहे? नकाशाचा छेद मागून घे. दोघांमध्ये फक्त रबराची किंवा फोमची चटई दिसली तर ते एकमेकांचे शेजारी आहेत. खाच, तिरके स्क्रू किंवा ती जाळीची पट्टी दिसली तर संसार आहे. तिरके स्क्रू मुद्दाम बघ. ४५ अंशांत एकमेकांच्या उलट दिशेला दिलेली जोडी असते. उभा स्क्रू वाकून काम करतो, तिरका स्क्रू खेचला जाऊन. लोखंड वाकण्यापेक्षा खेचण्याला कितीतरी ताठ, म्हणून तेवढ्याच स्क्रूंत जोड घट्ट होतो. भारतात हे लांब, पूर्ण आट्यांचे स्क्रू आता मिळतात, पण माझ्या कोच स्क्रूपेक्षा बरेच महाग. नव्या बांधकामात मी तेच घेईन. वाड्यात अजून नाही.

युरोपात या प्रकाराच्या गणितासाठी २०२१ साली सीईएन या तिथल्या मानक संस्थेचा सीईएन/टीएस १९१०३ हा दस्तऐवज निघाला. आपल्याकडे स्टील आणि काँक्रीटच्या जोडीसाठी आयएस ११३८४ आहे, पण त्यातला ताठ स्टड, म्हणजे लोखंडी खुंटा, लाकडात तसाच उचलून चालत नाही. स्टीलमध्ये स्टड वेल्ड होतो, लाकडात स्क्रू रुततो. परीक्षेत हा फरक लिहिलास तर मार्क मिळतील.

प्रश्न : आमच्या रत्नागिरीजवळच्या घरात ऐनाच्या कड्यांवर असाच स्लॅब दोन वर्षांपूर्वी झाला, तुम्ही म्हणता तसा स्क्रू लावून. आता खालून जिप्समचं छत लावायचं आहे आणि वर एका कोपऱ्यात संडास-बाथरूम काढायचं आहे. चालेल ना?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : छत लावू नका. कड्या डोळ्यांसमोर राहू द्या. दिवे टांगायचे तर कड्यांच्या मधल्या फळीला टांगा, कडीला खालून खिळा नको, तिथेच तिचा सगळा ताण आहे. दर वर्षी दिवाळीची साफसफाई काढाल तेव्हा शिडी लावून भिंतीलगतच्या टोकांना हात लावा. गार, दमट लागलं किंवा वाळवीची मातकट रेघ दिसली तर फोटो काढून पाठवा.

बाथरूम मागच्या पडवीवर काढा. स्लॅबखालचा प्लॅस्टिकचा कागद वरून गळलेलं पाणी अडवत नाही. ते स्क्रूच्या भोकांतून खाली उतरतं आणि थेट कडीच्या पोटात जातं.